सेल्लम्माचा धडा

तंजावूर,
रविवार दुपार

प्रिय कीर्तना,

माझा संध्याकाळचा वर्ग मोडतो की काय, असं झालं होतं. दहावी राहून गेलेली मोठी माणसं येतात माझ्याकडे: ओडिशाचे दोघे गवंडी, शिवणकाम करणारी रहमत, आपल्यासारखाच तंजावुरी मराठी, मोबाइलच्या दुकानातला सुंदर, आणि पापनाशमहून बसनं येणारी सेल्लम्मा. ती शेतमजूर, पन्नाशीची. इतिहास मी तमिळमध्ये शिकवते आणि गवंड्यांना मोडक्या हिंदीत पुन्हा सांगते.

मराठे तंजावुरात आले तो धडा निघाला. सुंदरला भारी उत्साह. आमच्या लोकांनी हा मुलूख जिंकला, तुम्ही सगळी प्रजा, असं तो सहज बोलून गेला. सेल्लम्मानं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून ती येईना, मग रहमतही येईना.

शेवटी मी पापनाशमला गेले. सेल्लम्मा दारात भात वाळत घालत होती. तिनं मला ताक दिलं, रागाचा शब्द काढला नाही. मग म्हणाली, "टीचर, त्या धड्यात राजे आहेत, घोडे आहेत. आम्ही कुठं होतो?"

पुस्तकात नाही आणि मलाही ठाऊक नाही, असं मी सांगितलं. पुढचा धडा तूच घे म्हटलं. ती पुन्हा भात पसरू लागली.

पण ती आली, रहमतला घेऊन. हात पदरात गुंडाळून उभी राहिली. कावेरीच्या कालव्यांतला गाळ तिची आजी कंबरभर पाण्यात उभी राहून कशी उपसायची, आणि तहान लागली तर मालकाच्या विहिरीला हात लावायची सोय कशी नव्हती, ते सांगितलं. मधेच अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. सुंदर खाली मान घालून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर त्यानं तिला गाडीवरून बसस्टँडवर सोडलं. आता गवंड्यांनाही आपल्या गावाचं सांगायचं आहे.

पुण्यातल्या ऑफिसात तुझ्या मराठीला हसतात, म्हणून तू तिथं इंग्रजीतच बोलतेस, हे तू अप्पांना सांगितलंस, मला नाही. फोनवर विचारलं असतं तर "काही नाही गं आई" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून हे लिहिते. आपल्या बोलण्याला तमिळचा सूर आहे, अर्धे शब्द शेजारणीकडून आलेले आहेत. एवढ्या पिढ्या इथं जगलो त्याची ती खूण आहे, बाळा. अडखळलीस तर थांब, पण पुन्हा बोल. आणि तिथं कुणी विचारलंच, "तुम्ही कुठून आलात?", तर सांग, "आम्ही इथूनच तंजावूरला गेलो होतो."

तुझ्या बोलण्याची वाट पाहणारी,
तुझीच आई