पुसून लख्ख केलेला कॉम्प्युटर

तीर्थरूप मामा, तुमच्या पायांवर इथूनच डोकं टेकवतो. मी बरा आहे. तुमचा दमा, आईचे गुडघे आणि मामींचा राग ही तिन्ही दुखणी ताब्यात असतील असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच ओरडला असता, आणि ही हकीकत न ओरडता शेवटपर्यंत ऐकायची आहे.

तुम्ही ओळख काढून हॉस्पिटलच्या शवागारात मला चिकटवलंत, तेव्हा साहेबांना छातीठोकपणे सांगितलंत की पोराला कॉम्प्युटर येतो. (मला तो चालू करता यायचा. बंद करायला मी तेव्हाही दुसऱ्याला हाक मारायचो.) इथं ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे आणि कुठल्या कप्प्यात कोण झोपलंय ते फक्त त्यालाच ठाऊक. मेलेल्या माणसाच्या पायाला चिठ्ठी असते, पण तिच्यावर नुसता नंबर. नंबराचं नाव कॉम्प्युटरात, आणि माणूस घरी न्यायची पावतीही त्याच्यातूनच निघते. पावती नाही तर माणूस नाही, मग सख्खी बायको येऊन उभी राहिली तरी. आधी वही होती म्हणतात. कॉम्प्युटर आल्याच्या आनंदात साहेबांनी ती रद्दीत घातली.

झालं असं की वरून तपासणी येणार म्हणून साहेबांनी हुकूम काढला, सगळं आरशासारखं पाहिजे. आता आमचे उस्ताद, म्हणजे माझ्यावरचा जुना माणूस, बावीस वर्षं याच खोल्यांत आहेत. त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं की वरवर पुसणं ही स्वच्छता नव्हे. आपल्याकडे उघडून आतून साफ करतात. (कशाला उघडून ते विचारू नका, जेवणाआधी पत्र वाचत असाल.) मी तेच शिकलोय, म्हणून तेच केलं. शनिवारी दुपारी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धुळीची गोधडीच. ती काढली. पंखा काढला, तर त्याच्याखाली एका चौकोनी पत्र्यावर राखाडी मलम वाळून बसलेलं. म्हटलं, कुणा घाणेरड्यानं इथं बोट पुसलंय. स्पिरिट घेतलं आणि माझं तोंड दिसेपर्यंत तो पत्रा घासला. सगळं परत बसवलं. दोन स्क्रू उरले, ते खिशात टाकले. बटण दाबलं. कॉम्प्युटर मेला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी एक म्हातारी आली. तिचा नवरा गुरुवारी वरच्या वॉर्डात वारला. बाहेर गाडी उभी, गाडीत दीर. ऑफिस पाचला बंद होणार आणि पुढे दोन दिवस सुट्टी, म्हणजे आज पावती निघाली नाही तर तिचा नवरा मंगळवारपर्यंत आमच्याकडे. मी तसं तिला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली की लोकाच्या घरी ते एक रात्र कधी राहिले नाहीत हो, लग्नातसुद्धा जेवून परत यायचे. मामा, मला त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी डब्यामागं पाहिलं, मुख्य वायरच ढिली. ती खोचली, तर पंखा फिरला पण पडदा काळा, आणि आतून कुत्र्याच्या पिलासारखं कुंई कुंई. आतल्या हिरव्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, टक आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. कुंई थांबली. पडदा उजळला. मी साहेबांच्या खुर्चीत बसून हुश्श म्हणतो तोच सगळं पुन्हा बंद. परत चालू केलं, परत बंद. चार वेळा. म्हातारी दारातून बघत होती. म्हणाली, "आमचे हे पण असेच बाळा. तीनदा हलवल्याशिवाय उठायचे नाहीत."

साडेतीन वाजले तसा उस्तादांना धीर निघेना. ते म्हणाले, मला आठवतंय, अकरा नंबर. नियम मोडून त्यांनी तिला आत नेलं, कप्पा ओढला, कापड बाजूला केलं. तिनं वाकून नीट पाहिलं. "हे नव्हेत," म्हणाली. मग तिथंच उभी राहिली आणि विचारलं, "यांचं कोण आलं नाही का?" एकोणीस दिवस झाले होते, कोण आलं नव्हतं. उस्तादांनी कापड सारखं केलं आणि दुसरा कप्पा काही उघडला नाही.

बाहेर येऊन त्यांनी चिडून कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. तापलेला तवा. "अरे गाढवा, ताप आलाय याला," म्हणाले, "आत घे." बावीस वर्षांत त्यांनी एकच इलाज केलाय, जे येईल ते थंड ठेवायचं. मी म्हटलं, उस्ताद, हे मशीन आहे. ते म्हणाले, आत आल्यावर कोण काय होतं ते आपण विचारत नाही. मग आम्ही कॉम्प्युटर, पडदा, प्रिंटर असं सगळं ढकलगाडीवर निजवलं (तीच गाडी, दुसरी आमच्याकडे नाही) आणि थंड खोलीत ढकललं. वायर दाराच्या फटीतून. बटण दाबलं. चालू झाला, आणि चालूच राहिला! सोळा नंबर निघाला. पावती पाचला सात कमी असताना आली. म्हातारीनं अंगठा दिला, नवऱ्याच्या पायाची आमची चिठ्ठी स्वतःच्या हातानं सोडली आणि त्यांना घेऊन गेली. अकरा नंबरला जाताना हात जोडले.

तेव्हा काळजी नसावी. नोकरी आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना एक एक टपली.

तुमचा भाचा

ता.क. ते मलम पुसायचं नव्हतं. त्याच्यावाचून कॉम्प्युटरला ताप चढतो, हे मला नंतर एका दुकानदारानं हसत हसत सांगितलं. दुरुस्तीवाल्याला बोलवावं म्हटलं, तर तक्रार त्याच कॉम्प्युटरवरून टाकावी लागते, आणि ज्यावरून तक्रार आली तो चालू आहे असं म्हणून ती परत येते. साहेब म्हणाले, आत चालतोय ना, मग हात लावू नकोस. परवा टेबल आत गेलं. खुर्चीही. खुर्चीवर मी, सकाळी नऊ ते पाच. कागदोपत्री आता मी कॉम्प्युटर सहायक आहे, म्हणजे तुमचा शब्द खरा झाला.

ता.क. दुसरा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. आईला एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला सांगा. कानटोपी आणि मोजेही. लवकर.

ता.क. तिसरा. ती विचारेल, भर उन्हाळ्यात स्वेटर कशाला. सांगा, साहेबांनी पोराला एसी खोली दिली. मग ती गल्लीभर सांगत सुटेल. सुटू द्या.