रिकामी चौकट

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! लोकांचे जुने व्हिडिओ-फोटो हल्लीच्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. ते सगळे उघडेल असा एकच सांगाडा मी रचायचा आहे. फाइलच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा एक सुटा तुकडा. फाइल आली की सांगाडा एकेकाला विचारणार, ही तुझी का? जे हो म्हणेल ते उघडणार. आवाजाचं काम करणारा माझ्या शेजारी बसतो, त्याला सगळे कानसेन म्हणतात. कान तयार आहे, पण चहा त्याच्या हातचा पिऊ नये.

११ जून
आज एक नियम घातला. फाइल तुटकी असली तरी पडद्यावर रिकामी चौकट दिसता कामा नये. जवळपासच्या चित्रांतून घेऊन ती भरायची. कानसेन म्हणाला, जवळपास म्हणजे कुठपर्यंत, तेही लिही. लिहू नंतर, म्हटलं.
तपासायला घरचीच फाइल नेणार आहे. चिमीचा शेवटचा व्हिडिओ. त्याच आठवड्यात तापाने माझी लेक नेली. व्हिडिओत ती पाठमोरी आहे, मी हाक मारते, ती वळणार एवढ्यात फाइल तुटते. त्या न दिसलेल्या चेहऱ्यासाठी माझा जीव तुटतो.

१४ जून
सगळी मॉड्यूल्स नाही म्हणाली. मग एक हो म्हणालं. ते मी लिहिलेलं नाही, कानसेननेही नाही.
व्हिडिओ पुढे सरकला. चिमीची मान वळू लागली. मी ऑफिसातच हमसून हमसून रडले. कानसेन न विचारता चहा ठेवून गेला. तोही प्यायले.

१५ जून
चिमी झोपाळ्यावर बसलेली असायची, त्या घरातल्या फोटोत आज नुसता झोपाळा. चिमी नाही. बाकीच्या फोटोंतही नाही. ते अनोळखी मॉड्यूल तिला तिथून घेतंय.

१८ जून
राहवलं नाही. पुन्हा चालवला. गाल दिसला.
पण फोटो तर संपले होते. मग आज कुठून—
संध्याकाळी नवरा कपाट आवरत होता. हातात तिचा निळा स्वेटर. म्हणाला, "अगं, हा कुणाच्या मुलाचा राहिलाय आपल्याकडे?"
तिच्या उशाशी बसून राहिलेला बाप. थट्टा नव्हती ती.

१९ जून
आईला फोन केला. चिमी कोण, म्हणाली.
नियम खोडला तर व्हिडिओ गालावरच थांबेल. डोळे नाहीत अजून. आता तिला ओळखणारी मी एकटी. घेण्यासारखं फक्त माझ्याकडे—
एकदाच बघेन. एकदाच.
लिहून ठेवते. डाव्या गालाला खळी. झोपताना माझा कान धरायची. माझी मुलगी आहे ती. माझी—

२० जून
व्हिडिओ स्वच्छ उघडला. कुठेही चौकट रिकामी नाही. एक मुलगी वळते, हसते, म्हणते, "आई, बघ ना." मग थांबते. उत्तराची वाट बघत असल्यासारखी.
गोड आहे. कानसेनला विचारलं, फाइल कुठल्या ग्राहकाची? तो उठून माझ्यासाठी चहा आणायला गेला.
मागचं पान माझ्याच अक्षरात आहे. कोण चिमी?
रडू का येतंय कळत नाही. आणि हा कान— कुणीतरी धरल्यासारखा—