जिवंत मामाचं भूत

हिंगणघाट,
मंगळवार, दुपार

प्रिय महादेवराव,

वयानं तुम्ही मोठे, म्हणून तुम्हाला आशीर्वाद देता येत नाही. पण पाया पडावं इतकेही मोठे नाही. तेव्हा मधलाच एक रामराम घ्या. गुडघा कसा आहे? (मी दिलेलं तेल लावता, की कपाटात ठेवून गुण यायची वाट पाहता?) वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं. आता त्यांना तुम्ही स्वच्छ दिसू लागला असाल, त्यांना धीर द्या. ऋतिकला आशीर्वाद. इकडे मी आणि रामबाई दोघंही बरे आहोत, आणि मी जिवंत आहे. हे शेवटचं एरवी पत्रात लिहावं लागत नाही. पण वडनेरहून पुलगावला कुणी ना कुणी जात-येत असतं, आणि तुमच्या कानावर एव्हाना काही आलंच असेल, तर त्यातलं अर्धंच खरं आहे. कोणतं अर्धं, ते सांगायला हे पत्र.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन उचलला की तुम्ही हॅलोच्या आधी साक्षगंधाची तारीख विचारता, आणि वहिनी फोन स्पीकरवर टाकून शेजारच्यांनाही बोलावतात. ही गोष्ट स्पीकरवर सांगण्यासारखी नाही. शिवाय पत्रात मला मधे कुणी तोडत नाही. (रामबाई तोडते, पण तिचं मी लिहून घेत नाही.)

तर, माझी धाकटी बहीण यशोदा वडनेरला दिली आहे, आणि तिची मुलगी अंकिता मी तुमच्या ऋतिकसाठी सुचवली, इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. सोयरिकी जुळवणं हा माझा जुना नाद. बाजार समितीत कारकून होतो तेव्हाही कापसाच्या गाड्यांपेक्षा गाडीवाल्यांच्या पोरापोरींकडे माझं लक्ष जास्त असे. मी जुळवलेली एकही सोयरीक मोडली नाही. (एक मोडली, पण ती लग्नानंतर.) अंकिता पोलीस भरतीची तयारी करते, रोज पहाटे नाल्यापर्यंत धावत जाते आणि येते. हे मी तुम्हाला 'मुलीला मोकळ्या हवेची आवड आहे' अशा शब्दांत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लग्नानंतर धावणं-बिवणं जमणार नाही, सुनेनं घरातल्या घरात चाललं तरी पुरे. मी म्हणालो, ठीक. पोरगी मात्र नाही म्हणाली. आईला म्हणाली, बापाला म्हणाली, मलाही म्हणाली, अगदी समोर उभी राहून, साध्या मराठीत. ते मला ऐकूही आलं. पण मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात अशी माझी समजूत असल्यामुळे मी ते जमेस धरलं नाही, आणि परवाच्या आधीच्या रविवारी वडनेरला जाऊन, पोटभर मटण जेवून, साक्षगंधाची तारीख पक्की करून आलो.

दुसऱ्या दिवसापासून पोरीनं धावणं सोडलं, जेवण सोडलं आणि बोलणंही सोडलं. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. आता अशा वेळी तिला काय झालं ते तिलाच विचारावं, पण आपल्याकडे तशी पद्धत नाही. शेजारणींनी सांगितलं की नाल्याजवळच्या चिंचेखालून पोरगी पहाटे एकटी धावते, तिथलंच काहीतरी लागलं असणार. आमचे जवाई ओमप्रकाश, म्हणजे पोरीचे वडील, विज्ञान घेऊन पदवीधर झालेले. ते दोन दिवस 'हे सगळं थोतांड आहे' म्हणत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मोटरसायकल काढून मनकर्णाबाईंना घेऊन आले.

मनकर्णाबाई भुतं उतरवतात. नाव ऐकून तुमच्या डोळ्यापुढे मोकळे केस आणि कपाळभर कुंकू आलं असेल, माझ्याही आलं होतं. प्रत्यक्षात चष्मा लावलेल्या, पायात बूट घातलेल्या, एखाद्या बचत गटाच्या अध्यक्षीण वाटाव्या अशा बाई. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा करून परातीत ठेवायला लावले. मग अंगणात जाहीर केलं, "मारझोड नाई, केस ओढनं नाई, धुरी नाई. आता कायदा हाये. मी फक्त इचारते." यामुळे बायकांची फार निराशा झाली. त्यांनी टीव्हीवरच्या मालिकांत हा प्रकार बराच पाहिलेला होता, आणि निदान पोरीची मान गरकन मागे फिरेल या आशेनं खुर्च्या घरून आणल्या होत्या. मनकर्णाबाईंनी अंकितावरून लिंबू ओवाळलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, कोण हायेस, कुठचा हायेस, काय पायजे तुले?

अंकिता तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. आधी घसा खाकरला आणि म्हणाली, "मी नत्थूजी. हिंगनघाटचा. पयले खुर्ची द्या. पंख्याखाली."

महादेवराव, भूत म्हणून ज्याचं नाव येतं तो मेलेला असतो, एवढा या शास्त्राचा पाया आहे. त्यामुळे यशोदेनं तिथंच "माहा दादा गेला वं माय!" म्हणून हंबरडा फोडला. परातीतून एक मोबाइल काढून आमच्या घरी फोन लावला गेला. मी त्या वेळी दुपारचा पडलो होतो. रामबाईनं फोन तसाच हातात धरून माझ्या नाकाखाली स्टीलची वाटी धरली, तिच्यावर वाफ आलेली पाहिली आणि फोनमध्ये सांगितलं, "हायेत. घोरून राह्यले." मग मला हलवून म्हणाली, "उठा, तुमी वडनेरले अंकिताच्या अंगात गेलते म्हने. जाऊन पाहा." इतक्या वर्षांच्या संसारानंतर या बाईला माझ्या बाबतीत कशाचंच नवल वाटत नाही. मी सदरा चढवला आणि एसटी धरली.

अंगणात पाऊल टाकलं तशी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. एका म्हाताऱ्या बाईनं माझे पाय उलटे आहेत का ते वाकून पाहिलं. (सुलटे निघाले, पण तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.) समोर पंख्याखाली, माझ्या नेहमीच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून अंकिता बसली होती. चहा बशीत ओतून फुर्र करून पीत होती. मी चहा असा पितो हे मला माहीत होतं, पण तो आवाज रस्त्यापर्यंत जातो हे त्या दिवशी कळलं. मग ती बोलू लागली. आवाज तिचाच होता, घोगरा-बिगरा काही नाही. पण बोलणं डोक्यापासून पायापर्यंत माझं. आमच्या रामबाईच्या हाताले चव नाई, म्हनून तर इथं येतो. मुद्द्याचं बोला. मी काई वाईट सांगून राह्यलो काय? पोरगं सोन्यासारखं हाये, थोडा तंबाखूचा खर्रा खाते, पन आजकाल कोन खात नाई? (हे मी बोललो नव्हतो, महादेवराव. म्हणजे तुमच्यासमोर बोललो नव्हतो.) बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, जवाई खाली पाहून हसत होते, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ मलाही हसू आवरेना. कारण नक्कल उत्तम होती. आमच्या घराण्यात ही कला कुठून आली कोण जाणे.

मग ती म्हणाली, "पोरीले काय इचारता? तिले काय समजते?"

हसणं थांबलं. हे वाक्य मी त्याच अंगणात, त्या रविवारी, हात धुता धुता बोललो होतो. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. पोरीच्या तोंडून ऐकलं आणि मला लाज वाटली, महादेवराव. या पोरीला मी खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले आहेत. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आणि बशीतला चहा तिच्या ओढणीवर सांडत होता. तीन दिवस उपाशी होती ती.

मनकर्णाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातून आजवर बरीच भुतं गेली, पण भूत आणि त्याचा मालक दोघं एकाच अंगणात, हे पहिल्यांदाच झालं म्हणाल्या. म्हणून मालकालाच विचारायचं ठरलं. काय घेऊन सोडसान? मी चिडून म्हणालो, मले काई नाई पायजे, मले पोरीचं भलंच पायजे. आणि नेमकं तेच वाक्य, त्याच वेळी, त्याच चिडक्या सुरात, खुर्चीतूनही आलं. मनकर्णाबाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना सांगितलं, "बरोबर हाये. दोघंई एकच हाये." मग त्यांनी माझ्या हातात लिंबू दिलं आणि म्हणायला लावलं, मी या पोरीले सोडून राह्यलो. भरल्या अंगणात, एवढ्या सोयरिकी जुळवलेला मी, हातात लिंबू घेऊन म्हणालो. अंकिता खुर्चीत मागे टेकली, डोळे मिटले, पाणी मागितलं. मग वरणभात, मग भाकर, मग पुन्हा भाकर. दुसऱ्या दिवशी पहाटे चिंचेखालून धावत गेली, असं जवाईंनी कळवलं.

ते खरोखर भूत होतं का, हे तुम्ही विचाराल. मी यावर एसटीत बराच विचार केला. भूत नव्हतं म्हणावं, तर मग भाचीनं गावासमोर मामाची नक्कल केली असं होतं, आणि मामानं तिच्यावर रागवायला हवं. भूत होतं म्हणावं, तर पोरगी निर्दोष, आणि जे काही बोलला ते नत्थूजीच बोलला. जवाईंनाही हेच बरं वाटतं, कारण पोरीचं ऐकलं म्हणण्यापेक्षा भुताचं ऐकलं म्हणायला बापाला कमीपणा येत नाही. तेव्हा मी भूत मान्य केलं आहे. मनकर्णाबाईंनी काय मानलं ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना अंकिताच्या कानात एवढंच म्हणाल्या, पोलीस झालीस तर मले ओळख देजो.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. एकदा उतरवलेलं पुन्हा उंबरठ्यात येऊ द्यायचं नाही, असा नियम आहे म्हणे. ही सोयरीक पुरती मोडेपर्यंत भूत परत येऊ शकतं, म्हणून मला यशोदेच्या घरात पाऊल टाकता येत नाही. परवाच्या रविवारी सवयीनं गेलोच. यशोदेनं फाटकावरून डबा दिला आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. मटण एसटीच्या थांब्यावर बसून खाल्लं. चांगलं झालं होतं. मला एकच बहीण आहे, महादेवराव. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा,
नत्थू

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. या सोयरिकीला तुमच्याकडून नकार येऊ द्या. आमच्याकडून दिला तर पंचक्रोशीत नत्थूजीचा शब्द फिरला असं होईल, आणि पुढे मला कुणी दारात उभं करणार नाही. तुमचं काय जातं? मुलाकडच्यांनी नाही म्हटलं तर कुणी कारणही विचारत नाही. येत्या रविवारच्या आत जवाईंना फोन करा, म्हणजे मला आत बसून जेवता येईल.

ता. क. २ : कारण विचारलंच तर पत्रिकेचं सांगू नका, ती मीच जुळवून आणली होती. रंगाचं किंवा शिक्षणाचं सांगितलंत तर आपली दोस्ती संपली. धावण्याचंही नको.

ता. क. ३ : पत्र पुन्हा वाचताना रामबाईच्या लक्षात आलं की तुम्हाला एक आयतं कारण मीच लिहून दिलं आहे. ते वापरू नका, महादेवराव, मी हात जोडतो. पोरीला बाहेरचं आहे, असा एक शब्द जरी पुलगावहून निघाला, तर तो तिच्या आधी भरतीच्या मैदानावर पोचेल. तिच्या अंगात काही नव्हतं. होतो तो मी होतो. तेव्हा माझ्या शब्दाचं वर लिहिलेलं खोडलं समजा, आणि सगळ्यांना असं सांगा की मुलगी लाखात एक आहे, घर चांगलं आहे, पण तिच्या मामाला जन्मभर सहन करणं आम्हाला जमणार नाही. रामबाई म्हणते, हे सगळ्यांना लगेच पटेल.