स्ट्राँग म्हटलं की कॉफी

प्रिय ऊर्मी,

फोनवर सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "आई, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस." म्हणून लिहिते.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांची वाचाच गेली होती. तू पुण्याला परतताना म्हणालीस, बाबा बोलल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. रघूच्या आईने, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, विशालाक्षीबाईंनी, समजून घेतलं गं. पण मी नुसती वाट किती बघणार?

इथे चेन्नईत, नुंगंबाक्कमला, सौम्या म्हणून एक मुलगी आहे, ती बोलायला शिकवते. ती तमिळ, आपण मराठी, मध्ये इंग्रजी. तिची रीत गमतीची. इंग्रजीतले काही शब्द म्हणे बैलजोडीसारखे असतात, एक उठला की दुसरा उठतोच. ती म्हणणार 'हेवी', बाबांनी म्हणायचं 'रेन'. बाबांचा जन्म रेल्वेच्या कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिण्यात गेला, तेव्हा या जोड्या कुठेतरी शाबूत असतील, असं तिचं म्हणणं. घरी सराव घ्यायची मी! दुकानांच्या पाट्या वाचून इंग्रजी शिकलेली. भेंडी चिरता चिरता म्हणायची 'फास्ट', आणि ते नुसते बघत राहिले की मीच 'फूड' म्हणून मोकळी. माझी खोड तुला ठाऊकच आहे, समोरचा अडखळला की त्याचं वाक्य मीच पुरं करते. सौम्याने दटावलं, "अम्मा, उत्तर तुम्हीच दिलंत तर अंकल कशाला तोंड उघडतील?" मग या वयात तोंड मिटून बसायला शिकले.

आणि एके दिवशी ती म्हणाली 'स्ट्राँग'. तिच्या हातातल्या कार्डावर उत्तर म्हणून 'टी' लिहिलं होतं. बाबा बराच वेळ झगडले आणि म्हणाले, "कॉफी!" फिल्टर कॉफीच्या मुलखात, तांबरममध्ये जन्म काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? सौम्या टाळ्या वाजवत हसली. मी पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसले. तिथून रोज एखादी जोडी जुळत गेली.

काल सकाळी मी म्हटलं 'गेट'. कार्डावरचं 'मॅरिड' त्यांनी म्हटलं, आणि मग माझ्याकडे बघत, कुणी न विचारता, मराठीत म्हणाले, "ऊर्मी... कधी?" जीव भांड्यात पडला गं माझा.

रविवारी फोन ते करणार आहेत. तारीख तुझ्याच तोंडून ऐकायचीय त्यांना, तेव्हा रघूशी बोलून ठेव. एवढ्यासाठीच हे पत्र. फोन उचललास की गप्प राहा. शब्द यायला वेळ लागतो, पण येतो. मध्ये तू पुरवू नकोस. खोड माझीच घेतली आहेस ना!

तुझीच,
तोंड मिटायला शिकलेली
आई