कर्नल मावला

आमराई तांडा, ता. दिग्रस
३० ऑगस्ट २०२४

चि. ओम,

जय सेवालाल. याडीचा, तुझ्या आईचा आशीर्वाद तुझ्या डोक्यावर आहेच, तो पत्रात वेगळा घालत नाही.

इकडे सारे बरे आहेत. तुझे बा आता लकव्याच्या उजव्या हातानं चहाचा कप उचलतात. अर्धा सांडतात, पण कोणाले धरू देत नाहीत. कापसाची पराटी कमरेले लागली, पात्या-फुलं चांगली आहेत. काळी गाय व्याली, कालवड झाली.

तू म्हणशील, याडीले व्हॉट्सॲप येते, मग पत्र कायले? फोनवर तुझ्या बायकोचं, खुशीचं नाव निघालं की तुले मीटिंग लागते. पत्राले मीटिंग लागत नाही. बसून वाच.

नदीवरचे भोंगे तुले आठवत असतील. वरच्या पुलावर पाणी मोजणारा एक डबा, अन् खालच्या प्रत्येक तांड्यात डबा आणि भोंगा. वर पाणी चढलं की पुलावरचा डबा खालच्यांले कळवे आणि सगळे भोंगे एकदम वाजत. ज्या कंपनीनं ते बसवले ती केव्हाच बंद पडली. पुढं मोबाइलवाल्यांनी जुनं नेटवर्क बंद केलं आणि सारे डबे मुके झाले. त्यावर रानवेल चढले.

उन्हाळ्यात पंचायतीत विषय निघाला. किसनराव सरपंच म्हणे, "खांब काढून भंगारात देऊ, लोखंड तरी कामी येईल." आपले नायक भावसिंगही हो म्हणाले. खुशी मागं बायांमध्ये बसलती. बांच्या आजारपणात तुझ्याकडून महिनाभराले म्हणून आलती आणि राह्यली होती, ते तुले माहीत आहे. ती उठून म्हणे, "एक डबा मले उघडून पाहू द्या." कोणीतरी हसलं. भावसिंग म्हणाले, "पाहू दे बापा, भंगारात तर जाऊनच राह्यला."

डबा घरी आणला. मुंग्यांनी आत वारूळ केलतं. तिनं ब्रशनं साफ केला आणि आपल्या ओसरीत टेबल मांडलं. मग रोज दिग्रसले जहीरच्या दुकानात चकरा. बसस्टँडजवळ तो मोबाइल दुरुस्त करते, तोच. त्यानं नवीन नेटवर्कचं कार्ड शोधून आणलं, त्याच्या हाताचं सोल्डरिंग लई बारीक. कार्ड बसलं, पण डब्याले त्या कार्डाची भाषा येत नव्हती.

आता पुढचं मले जसं समजलं तसं सांगते. चुकलं तर हसू नको. तू हसतेस, म्हणूनच कोणी तुले काही विचारत नाही.

डब्यात वीज आली की तो झोपेतून उठते. उठताना तो एका छोट्या चिपमधून वाचते की आपण कोण, आपले हातपाय कुठं. जे वाचते त्याले कर्नल म्हणतात. मले वाटलं मिलिटरीतला. मी खुशीले म्हटलं, "ह्या डब्यात कर्नल कायले पाहिजे, हवालदारावर भागत नाही का?" ती इतकी हसली की बा खाटेवरून पाहू लागले. बऱ्याच दिवसांनी हसली होती ती.

जुन्या कर्नलले नवीन कार्ड ओळखू येत नव्हतं. नवीन कर्नलले येते, पण तो अगडबंब. आणि चिप किती, तर चार एमबी. खुशी म्हणे, "याडी, आमच्या लग्नातला एक फोटोही यात मावणार नाही." जहीरनं मोठी चिप लावून पाहिली, तर डबा तिच्याकडं पाहायलेच तयार नाही. त्याले त्याची छोटीच चिप समजते. म्हणजे कर्नललेच लहान करणं आलं.

मी विचारलं, "असं काय भरलं आहे त्यात?" ती वाचून दाखवू लागली. प्रिंटर. कॅमेरा. गाणे वाजवायचं. साऱ्या दुनियेचे कीबोर्ड. पाण्यातल्या जहाजाचंही काहीतरी. मी म्हटलं, "आपल्याले पाणी मोजाचं आहे न भोंगा वाजवाचा आहे." ती म्हणे, "तेच. बाकीचं सारं काढाचं आहे. पण कशाच्या आधारानं काय उभं आहे हे काढल्यावरच समजते."

मग ती एकेक काढू लागली. काढाचं, परत बांधाचं, चिपमध्ये मावेपर्यंत लॅपटॉपच्या वायरीनं डब्याले द्याचं, वीज लावाची. हिरवा दिवा लागला तर बरं. नाही लागला तर काढलेलं परत घालाचं. एकदा काहीतरी फालतू समजून काढलं तर डबा उठलाच नाही. एकदा उठला, पण पाणी मोजणं विसरला. आंगणवाडीत पोरांले मी बोट धरून चालवलं, पण इतका धीर माझ्यातही नव्हता. डोळे लाल, जेवणाची सुध नाही, पण एकदाही डबा आपटला नाही तिनं.

पुष्कळ काढूनही मावेना. तेव्हा मीच तुले फोन लावला. वाटलं, नवरा-बायको दोघंही एकाच कॉलेजातून शिकलेले, कामाच्या निमित्तानं तरी बोलतील. फोन स्पीकरवर होता, ते मी तुले सांगितलं नव्हतं. तू म्हणाला, "आई, त्या चिपमध्ये नवा कर्नल कोणालेच नाही बसवता येत. तिले सांग, टाइमपास बंद कर."

ओम, खुशी तिथंच तांदूळ निवडून राह्यली होती. तिनं मान वर केली नाही. तांदूळ निवडून झाले, ते धुतले, भात टाकला, आणि परत टेबलाशी जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेली नाही.

मग तिनं तो दाबून भरला. जिनिंगमध्ये रुईची गठाण दाबतात तसा. चिपमध्ये मावला! आम्ही खुश. वीज लावली, तर दिवा लागते आणि विझते. दिवसभर तेच. मग तिच्या ध्यानात आलं की गठाण सोडायलेही जागा लागते. चिपमध्ये मावला, पण गठाण अन् उघडलेला कर्नल, दोन्ही एकदम ठेवायले डब्याच्या कामाच्या मेमरीत जागा नव्हती. म्हणजे दाबून उपयोग नाही, मुळातच बारीक पाहिजे.

शेवटी राह्यलं त्याचं बोलणं. कर्नल उठताना सारखा सांगत असते म्हणे, हे झालं, ते झालं, इथं अडलं. ते सगळे निरोप आत लिहिलेले असतात, आणि त्यांचीच मोठी जागा. ते काढले की मावते. पण मग बिघडलं तर डबा काही सांगणार नाही, आंधळ्यानं ऑपरेशन करावं तसं होईल. जहीर म्हणाला, "बहेन, एवढं नको काढू, मग मीही काही करू शकणार नाही." खुशीनं त्याचं ऐकलं नाही, पण घाईही केली नाही. आधी निरोपांसकट सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, बाकीचे डबेही उतरवून त्यांले कार्ड लावले, वायरीनंच प्रत्येकावर चालवून पाहिलं. खात्री झाली तेव्हा निरोप काढले.

त्या दिवशी वीज लावली. दिवा लागला आणि लागलेलाच राह्यला. कार्डाचा दुसरा दिवाही लागला. खुशी हात मांडीवर ठेवून बसून राह्यली. मीच ओरडली, "मावला का?" ती म्हणे, "मावला याडी. थोडी जागा उरलीही." तुझ्या बांनी डावा हात वर केला. मी गूळ वाटला अख्ख्या तांड्यात. लोक विचारत, काय झालं, तर मी सांगे, कर्नल मावला. कोणाले काही समजलं नाही, गूळ मात्र खाल्ला.

डबे परत खांबावर चढले. खुशी रोज टेस्टिंग करे. रोज भोंगा वाजे, कुत्रे रडत, आणि बाया म्हणत, लागली खुशी.

आता तीजची गोष्ट. पोरींनी यंदा गहू छान वाढवला होता, दुरड्या पिवळ्याधम्मक. शेवटच्या दिवशी दुपारी तो शिळवायले, पाण्यात सोडायले, सगळ्या नदीवर गेल्या. मी होती, खुशी होती, म्हातारी बसंतीबाई पुढं गाणे म्हणत होती. तू तर जाणतेस, तिचं गाणं सुरू झालं की तिले देवही थांबवू शकत नाही. ऊन पडलं होतं, नदी घोट्याएवढी. पोरी दुरड्या डोक्यावर घेऊन पाण्यात उतरल्या, नाचू लागल्या.

आणि भोंगा वाजला.

कोणी हाललं नाही. बसंतीबाई म्हणे, "खुशीची टेस्टिंग असंल." पोरी हसल्या, आणखी पुढं गेल्या. मी खुशीकडं पाहिलं. ती म्हणे, "याडी, मी आज टेस्टिंग लावली नाही."

ती धावत पाण्यात शिरली. "निघा, निघा" म्हणून ओरडू लागली, पण तिचा आवाज गाण्यात बुडाला. मग मी ओरडली. त्या पोरींतल्या अर्ध्याअधिक माझ्या आंगणवाडीत बसल्या आहेत. तोच आवाज काढला मी, "चला! दुरडी खाली! हात धरा! रांगेत वर!" आणि काय सांगू, दहावी-बारावीतल्या पोरी दुरड्या टाकून हात धरून रांगेत वर आल्या. बसंतीबाईले दोघींनी उचललं, ती वर येईपर्यंत आम्हाले शिव्या देत होती.

आम्ही मारुतीच्या ओट्यापर्यंत पोचलो आणि पाणी आलं. आधी आवाज आला, ट्रक उलटावा तसा. मग लाल पाणी, त्यात झाडं, कोणाचा तरी गोठ्याचा कूड. जिथं पोरी नाचत होत्या तिथला काठही दिसत नव्हता. दुरड्या गेल्या. तीज शिळवली ती नदीनंच. मग बसंतीबाई एकेका पोरीच्या तोंडावर हात फिरवून मोजू लागली. सगळ्या होत्या.

खालच्या तांड्यांतही भोंगे वाजले. लोकांनी ढोरं सोडली, म्हाताऱ्यांले वर नेलं. भिंती पडल्या, धान्य भिजलं. माणूस एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार मॅडम आल्या. हे कोणी केलं विचारलं, तर किसनराव पुढं होऊन म्हणाले, "आमच्या तांड्याची सून आहे, ओम राठोडची बायको." मी मागं होती, पण मले राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, तिचं नाव खुशी आहे. इंजिनिअर आहे." तू पहिल्यांदा यवतमाळले कॉलेजात गेलता तेव्हा बसस्टँडवर माझा ऊर असाच भरून आलता. मले वाटलं होतं, तसं परत होणार नाही. झालं बापा.

आता इतकं लिहिलं, आणि जे लिहायले बसली ते राह्यलंच.

आषाढात, आखाडीच्या सुमारास तू मले एक काम सांगितलं. खुशीले समजावून मारेगावले तिच्या माहेरी पाठव, म्हणजे पुढं फारकतीचं वकिलाले सोपं जाईल. मी हो-नाही काही म्हटलं नाही. नंतर तू विचारलं तर पाऊस आहे म्हटलं, बांची तब्येत म्हटलं. खरं म्हणजे मी तिले सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी ठरवे, आणि ती टेबलाशी वाकलेली दिसली की परत फिरे.

काल सांगितलं. ती अंगणात डब्यातला चिखल पुसून राह्यली होती. सारं ऐकून ती म्हणे, "मले माहीत आहे याडी. त्यांनी मलेच आधी सांगितलं होतं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही सांगता का नाही, ते पाहून राह्यली होती. तुम्ही जा म्हटलं असतं तर जावं लागलं असतं."

तीच पुढं म्हणाली, "त्यांले मोकळं व्हाचं असंल तर माझी ना नाही. मी भांडणार नाही. त्यांच्या घरात माझं काम टाइमपास होतं, तिथं मले परत जाणं नाही. पण हे डबे इथं आहेत, आणि तुम्ही दोघं. मी कोणत्या नात्यानं राहू ते तेवढं सांगा."

ओम, मी तुले जन्म दिला. तू वाईट नाहीस. तुझं तिचं जुळलं नाही, ते मी जुळवू शकत नाही, आणि आता जुळवणारही नाही. वकिलाले सांग, खुशीची हरकत नाही. पण मारेगावले तिले मी पाठवणार नाही. कोणाची सून म्हणून ती ह्या घरात नाही. तुझी खोली तिले कामाले दिली. तुझ्या बांले विचारलं, त्यांनी मान हालवली आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या हातानं तिले दिली. उजव्या.

दिवाळीले ये. तुझा पलंग ओसरीत टाकीन. तिच्याशी बोलाचं असंल तर दार वाजव, आणि तिनं ये म्हटलं तरच आत जा. आणि तो डबा पाहशील तेव्हा हसू नको. चार एमबी म्हणजे किती, हे मले समजत नाही, तुले समजते. म्हणून तिनं काय केलं हे माझ्यापेक्षा तुलेच जास्त समजंल. एकदा तोंडानं तिले तसं म्हण. नवरा म्हणून नको. त्याच कामातला माणूस म्हणून म्हण.

जेवत जा वेळेवर.

तुझी, आणि आता खुशीचीही,
याडी