कै. कॅप्टन दिगंत यांचा दहावा

४ जानेवारी, शनिवार. सकाळी.
नवी वही. वर्ष सुरू होऊन चार दिवस झाले, पण मी घाई करणाऱ्यातला नाही.
आज रात्री आठ वाजता ‘तारकायान’ पुन्हा सुरू. अठ्ठावीस वर्षांनी! तोच कॅप्टन दिगंत, तोच नट, फक्त केस काळे केलेत. करू देत. मीही करतो.
ह्या मालिकेपायी मी दहावीला गणितात नापास झालो. एवढा त्याग अख्ख्या घाटनांदुरात दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा. म्हणून ‘तारकायान प्रेक्षक महासंघ, बीड जिल्हा’ हा ग्रुप काढला. अध्यक्ष: आदिनाथ मिसाळ, प्रोप्रा. आदिनाथ डिजिटल फ्लेक्स, स्टेशन रोड. सभासद अकरा. त्यात तीन नंबर माझेच, पण विचार वेगवेगळे आहेत.
संकल्प: दर भागावर अभ्यासपूर्ण प्रतिक्रिया लिहायची. मालिकेची मुंबईची मंडळी ती वाचून सल्लागार म्हणून बोलावतील, तेव्हा उगाच भाव खायचा नाही. लेक स्वप्नाली, तिच्या लग्नाचंही बघायचं आहे.

५ जानेवारी.
भाग अप्रतिम. माझ्या डोळ्यांत पाणी. बायको योगिताच्या डोळ्यांतही होतं, पण ती कांदा चिरत होती.
शेजारच्या भिवराबाई आणि त्यांचा सिदू बघायला येतात. मेंढरं वाड्यात कोंडून येतात, त्यामुळे थोडा वास येतो. प्रेक्षक म्हणून दोघं कच्चे. भिवराबाईंनी मधेच विचारलं, एवढं मोठं यान हाय तर चाऱ्याची सोय कुठं केलीय. सिदू म्हणाला, कॅप्टन इतका लांब गेलाय म्हंजी मुकादम लई डांबरट आसंल. मी समजावलं, अंतराळात ऊसतोडीचा मुकादम नसतो. सिदू म्हणाला, मंग त्येला न्हेला कुणी?
आमचे पाच सभासद ऊसतोडीला साताऱ्याकडे आहेत. पाचटाच्या कोपीत मोबाइलवर बघतात आणि अंगठा पाठवतात. त्यांच्या अंगठ्यात खरी समज आहे.
फेसबुकवर पुण्याच्या एकाने लिहिलं, ग्राफिक्स कार्टूनसारखं. त्याला तेरा परिच्छेदांचं उत्तर दिलं. त्याचं उत्तर आलं: ओके काका. मुद्दा मान्य केला म्हणायचा.

१५ जानेवारी.
चुलतभाऊ रामेश्वरने स्थळ आणलं. तेलगावचे सुंदरराव. घरची शेती, माणूस तापट पण सरळ. मुलगा अभिमन्यू जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. स्वप्नालीला फोटो दाखवला. तिने मोबाइल ठेवून दिला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. योगिता म्हणाली, पोरीला पसंत हाय, आता तुमी फकस्त माणसावानी ऱ्हावा.
पौषात बघाबघी नको म्हणून दोन फेब्रुवारीला येणार. वसंतपंचमी. उत्तम.
योगिताला काळजी. मी कॅप्टनचं वाक्य ऐकवलं: घाबरू नका, अजून इंधन आहे! ती म्हणाली, गॅस कालच संपलाय, आदी त्यो बघा.

१९ जानेवारी.
तिसरा भाग थोडा संथ. पण मी तसं लिहिलं नाही. घरचं माणूस चुकलं तर चारचौघांत बोलत नसतात.
मुंबईहून अजून फोन नाही. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

२५ जानेवारी, शनिवार.
कॅप्टन गेला.
यान सूर्यात पडलं. शेवटी म्हणाला, इंधन संपलं.
लिहवत नाही.

२६ जानेवारी.
लिहितो. कुणीतरी लिहायला पाहिजे.
काल टीव्ही मीच बंद केला. भिवराबाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, इतक्या लांब मेलं लेकरू, तोंडात पानी घालाया बी कुणी न्हवतं. साताऱ्याकडून एकही अंगठा आला नाही. यालाच मी प्रतिक्रिया म्हणतो.
अध्यक्ष म्हणून कर्तव्य केलं. झेंडावंदन आटोपून दुकान उघडलं आणि वीस बाय दहाचा फ्लेक्स काढला. भावपूर्ण श्रद्धांजली. कै. कॅप्टन दिगंत. फोटो हेल्मेट काढलेला घेतला, मयताच्या फोटोत डोक्यावर काही बरं दिसत नाही. खाली डिझाइनमध्ये जागा रिकामीच राहत होती. रिकामी जागा फ्लेक्सवर शोभत नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून नेहमीप्रमाणे भरली. शोकाकुल: आदिनाथ मिसाळ व समस्त परिवार. दशक्रिया विधी: सोमवार दि. ३ फेब्रुवारी, राहते घरी. कोपऱ्यात माझा फोटो, हात जोडलेला.
स्टेशन चौकात लावला. काम फर्स्टक्लास. प्रजासत्ताकाचे सगळे बोर्ड फिके पडले.

२९ जानेवारी.
फ्लेक्सला प्रचंड प्रतिसाद. लोक थांबतात, चप्पल काढतात. अनोळखी माणसं दुकानात येऊन हात दाबून जातात. एकाने विचारलं, मिल्ट्रीत होते का. मी म्हणालो, त्याहून वर.
महासंघाचं कार्य गावात रुजतंय.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
पोहे झाले. चहाची साखर वेगळी काढली. स्वप्नालीने मोरपंखी साडी नेसली, दोनदा सोडून पुन्हा नेसली. मी नवीन शर्ट घातला. आज मालिकेचा विषय काढायचा नाही असा पक्का निश्चय.
काल पाचवा भाग झाला. नुसती रिकामी खुर्ची दाखवली. म्हणजे नक्की गेला.

तीच तारीख. संध्याकाळी.
आले नाहीत.
रामेश्वरचा फोन. पाव्हण्यांची जीप स्टेशन चौकापर्यंत आली होती. सुंदररावांनी वर बोर्ड बघितला, गाडी थांबवली आणि जीप वळवून गेले. रामेश्वर ओरडला, आरं सुतकाच्या घरात कोन पोरगी बघाया येतं? कोन मेलंय तुमच्यात?
मी सांगितलं, कुणी नाही. तो म्हणाला, बोर्डावर तुजाच फोटू हाय की बे!
समाजात अजून श्रद्धांजली आणि सुतक यातला फरक कळत नाही. हे मी योगिताला समजावत होतो. ती ऐकत नव्हती. ती पोह्यांच्या पातेल्याकडे बघत होती.
स्वप्नाली साडीवरच दारात आली. म्हणाली, बाबा, त्यो खोटा माणूस हाय. मी खरी हाय.
मुद्दा थोडा भावनिक होता. बाकी उद्या लिहीन.

३ फेब्रुवारी, सोमवार.
पहाटेच बाहेर टेंपो थांबला. योगिताचा भाऊ सटवा, केजहून. बरोबर बायका, पोरं, त्यांच्या शेजारचे दोघं. कुणीतरी त्याला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. उतरताच त्याने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. म्हणाला, दाजी, कळविलं कावून न्हाई? आमी काय परके हाव का?
बायकांनी पिठलं-भाकरी आणली होती, सुतकाच्या घरी न्यायची तशी. मला घास भरवला. दुखवटा म्हणून टावेल-टोपी दिली. सटवाने विचारलं, कॅप्टनसाहेब नात्यानं कोन? मी म्हणालो, लांबचे. तो म्हणाला, चेहरा तुमच्या मामावर गेलाय. मी मान हलवली. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?
खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. योगिताने स्वैपाकघरात ओढून नेलं. म्हणाली, टीवीतला माणूस मेलाय आसं कळलं तर माजा भाऊ ह्या उंबऱ्यावर पुना पाय ठिवायचा न्हाई, आन तेलगावपातुर आपली लाज निगंल. बोर्डावर दहावा लिवलाय ना तुमी? मंग बसा. करा.
मी विचारलं, केस? ती म्हणाली, केस बी.
बसलो. केला. मिशी पण गेली. एकोणीसशे शहाण्णवपासूनची.
ओढ्यावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, शिवेनात. सटवा म्हणाला, इच्छा ऱ्हायलीय. मी हात जोडून सांगितलं, कॅप्टन, मालिका बंद पडू देणार नाही, मी स्वतः मुंबईला लिहितो. कावळा हललासुद्धा नाही. मग भिवराबाई पुढं झाल्या. मोठ्याने म्हणाल्या, बाबा, पोरीचं लगीन मोडू देनार न्हाई आमी, आता घे. तेवढ्यात सिदूची शेळी आली आणि तिने पिंड खाल्ला.
भिवराबाईंनीच निकाल दिला. म्हणाल्या, सूर्यात मेलेल्याला कावळा कुटून यावा, शेळी चालती.
जेवायला गावातलेही बरेच आले. बुंदी कमी पडली.

४ फेब्रुवारी.
टकलाला वारा लागतो. रामेश्वरने तेलगावला निरोप दिला की गुरुवारी तेरावा उरकला की घर मोकळं आहे. तिकडून उत्तर आलं: नऊ तारखेला येतो, बोलायचं आहे.
‘बोलायचं आहे’ म्हणजे पसंतीच. योगिताला असं वाटत नाही. ती हल्ली प्रत्येक गोष्टीत वाईटच बघते.

८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.२०.
कॅप्टन जिवंत आहे.
सूर्यात पडलं ते दुसरंच यान. हा आपला एका ग्रहावर दाढी वाढवून बसलाय. दाढी! केससुद्धा भरपूर!
घरात सगळ्यांनी सावकाश माझ्या डोक्याकडे बघितलं.
सिदू म्हणाला, मंग आमच्या शेळीनं खाल्लं ते कुनाचं? भिवराबाई चिडल्या. म्हणाल्या, जित्या मानसाचा दहावा घातला, आता त्येचं बारसं करावं लागंल, तवाच त्यो पुना मानसात येतो. पाळणा कुठं मिळेल याची चर्चा सुरू झाली. मी त्यात भाग घेतला नाही.
योगिता हसायला लागली. पाणी देईपर्यंत थांबली नाही. स्वप्नाली हसली नाही. तिने विचारलं, बाबा, उद्या टोपी घालाल ना?
घालीन म्हणालो. पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि फ्लेक्स काढायला सिदूला पाठवलं. मीच आधी काढायला पाहिजे होता. हे फक्त इथं लिहितो.

९ फेब्रुवारी, रविवार.
सुंदरराव आले. भरदार माणूस. चहा घेईनात. मी टोपी घातली होती, पण नमस्काराला वाकलो आणि पडली.
त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मग बोलले. त्यांना सुतकाचं काही नव्हतंच! ते नारायणगडावर दर्शनाला होते, म्हणून चौथा भाग बघायचा राहिला होता. आठवडाभर कान झाकून हिंडले. घरात ताकीद दिली, कुणी तोंड उघडायचं न्हाई. पोरगी बघून आल्यावर निवांत बघायचा म्हणून जपून ठेवला होता. आन तुमी, म्हणाले, वीस फुटाचा बोर्ड लावून सांगितलं की कॅप्टन मेला! कुत्र्याच्या पोटात बी ह्याच्यापेक्षा जास्त दम निगतो!
मी भारावलो. म्हणालो, म्हणजे आपणही प्रेक्षक? ते म्हणाले, कवाचे. दहावीला दोन विषय ऱ्हायलते माजे, गणित आन इंग्रजी.
माझा एकच.
पुढे म्हणाले, बरं, त्यो मेला बी न्हाई. म्हंजी गोष्ट फोडली ती फोडली, वर खोटी फोडली. आसा सोयरा कसा करावा मानसानं?
योगिता रडायला आली. रामेश्वर खाली बघत होता. तेव्हा अभिमन्यू पहिल्यांदा बोलला. शांत पोरगा. म्हणाला, आबा, मला फोटोतच पोरगी आवडलीय, मालिका मी बघत न्हाई. स्वप्नाली आतून म्हणाली, मी बी न्हाई. दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. हसत आले. माझ्या डोक्यावर हसत होते असं रामेश्वरचं म्हणणं, पण एवढं हसणाऱ्या पोरीला मी या महिन्यात बघितलं नव्हतं. माझं मन भरून आलं.
सुंदररावांनी एकच अट घातली. मालिका संपेपर्यंत मी ती बघायची नाही. ज्याला ठाऊकच न्हाई, त्यो फोडनार काय? पोरीचा बाप म्हणून मान राहील, प्रेक्षक म्हणून नाही.
मी विचार करून सांगतो म्हणणार होतो. तोवर योगिता, स्वप्नाली, रामेश्वर आणि भिवराबाई सगळ्यांनी होकार दिला होता. साखर वाटली. लग्न वैशाखात. पत्रिका दुसऱ्याकडे छापणार.
सुंदररावांना महासंघात घेतलं. सन्मानाने अध्यक्षपद देऊ केलं.

१० फेब्रुवारी.
त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. तिन्ही नंबर.

१५ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.
मी मालिकेवर बहिष्कार टाकला आहे. दर्जा घसरला. मेलेली माणसं उठवतात, याला काय विज्ञान म्हणायचं?
घरात सुंदरराव सहकुटुंब आलेत. खास भाग आहे म्हणे. मी मेंढरांच्या वाड्यात बसून लिहितोय, भिवराबाईंच्या बाजेवर. सिदूने माझा फ्लेक्स वाड्यावर छत म्हणून टाकलाय. वर बघितलं की मीच हात जोडून उलटा दिसतो, शोकाकुल.
आत्ता घरातून मोठा ओरडा आला. सगळे एकदम. मग टाळ्या. स्वप्नालीचा आवाज पण होता त्यात. बघत न्हाई म्हणाली होती.

८.४०.
सिदू मेंढरं बघायला बाहेर आला. मी सहज विचारलं, काय झालं रे आत्ता? तो म्हणाला, सुंदररावांनी तुमाला सांगू नका म्हणलंय.
एवढंच सांग म्हणालो, कॅप्टन बरा आहे का. त्याने इकडं-तिकडं बघितलं. मला वाटलं सांगतो. म्हणाला, लगीन होऊ द्या मंग सांगतो, आणि आत गेला.
डोक्याला थंडी वाजायला लागली. टोपी घातली. दुखवट्यातलीच.