चिंगीच्या डोक्याचे फोटो

३ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे; पण ठीक नाही. तुमच्या हॉस्पिटलची माणसं कसल्याशा संशोधनासाठी शाळेत आली आणि तुझ्या भावोजींनी संमतीपत्र न वाचता सही ठोकली. बिस्किटं बरी होती म्हणे. आता चिंगीला बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढलेत. धडधाकट पोरीचे. शेजारचा कंपाउंडर म्हणतो, आज फोटो, उद्या औषधं. आपली पोरं म्हणजे फुकटचे उंदीर. श्रीमंत देशांत डोक्यांचा तुटवडा पडलाय का?

तेव्हापासून पोर गप्प आहे. तुमच्या बाईंनी बंद खोलीत तासभर काय विचारलं, तेही सांगत नाही. तू त्याच मशीनवर बसतोस. मला थापा मारू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
ताई

१० जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग हसू गेलं. मशीन लोहचुंबकाचं आहे; सुई नाही, औषध नाही, आवाज तेवढा कानठळ्या बसवणारा. संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणतात, वाढत्या वयातल्या मेंदूबद्दल जे माहीत आहे ते बहुतेक श्रीमंत देशांतल्या मुलांवरून. त्यांच्या मापाने आपल्या मुलांचं शिवलं तर कुठेतरी उसवणारच. हे मला पटतं. फोटो नाव काढून परदेशी जातात. पुढे त्यांचं काय होतं ते मला नीट ठाऊक नाही, आणि तेवढं मलाही खटकतं.

चिंगी काय बोलली ते मला माहीत नाही. असतं तरी सांगितलं नसतं. पण रागावू नकोस, एक विचारतो. मशीनमध्ये जायच्या आधी ती बोलत होती का?

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझा रागच आला होता. मग शिवणयंत्र बंद करून तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, त्या बाईंनी झोप लागते का विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या. घरात सगळे विचारतात आणि निघून जातात. तरी बाईंना तिने अर्धंच सांगितलं होतं. कित्येक महिने तिला वाटतंय, सकाळी जागच येऊ नये. हे तिने खिडकीकडे बघत सांगितलं. मी तिला जवळ घेतलं.

तुझ्या भावोजींनी रजा टाकली, तिघं त्याच बाईंकडे गेलो; त्या समुपदेशक आहेत म्हणे. त्या आता दर आठवड्याला भेटतात. काल चिंगी माझ्याशी कडाडून भांडली. बरं वाटलं.

पण संशय गेला नाही, जागा बदलून बसलाय. संशोधन पुढच्या वर्षी संपणार म्हणे. मग पोर कुणाकडे जाणार? पालकांच्या बैठकीत विचारणार आहे. तुझी नोकरी अडचणीत येणार असेल तर कळव. तरी विचारेनच.

ताई

१९ जुलै

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

आईच्या हातात काम आहे म्हणून मी लिहिते. बैठकीत सगळे चहाकडे डोळे लावून बसले होते. आई उठली. “संशोधन संपल्यावर आमच्या मुलांकडे कोण बघणार?”  डॉक्टरबाई म्हणाल्या, सोय केलेली नाही, करायला हवी होती. मागून आणखी आया उठल्या. शेवटी ठरलं की सोय होईपर्यंत नवीन मुलं घ्यायची नाहीत. आई म्हणते, प्रत्यक्ष दिसेपर्यंत विश्वास नाही.

मला आधी वाटलं, आता सगळ्यांना कळणार ही कुणाची आई. मग शेजारच्या मुलीला मीच सांगितलं, माझी आहे.

असाच लळा लावत राहा.

चिंगी